मागाच्या खड्ड्यातला समुद्र

विजयमालाबाईंच्या नाकाची थट्टा कोष्टीपुऱ्यात कोणी करत नसे. नवरा भैयाजी जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण घरात कुठलीही बाटली दिसली की झाकण काढून हुंगल्याशिवाय बाईंचं पाऊल पुढं पडत नसे. फिनेल असो, गुलाबपाणी असो, नाहीतर पाहुण्याच्या पिशवीतलं साधं पाणी असो. पुऱ्यातल्या बायकांना कारण ठाऊक होतं. बाई हुंगायला लागल्या की त्या मुकाट्यानं दुसरीकडं पाहत.

आज तर घरात तसा मोठा दिवस होता. मुलगा अंकुश याच्यासाठी आसगावची मंडळी घर पाहायला येणार होती आणि मनाजोगं झालं तर आजच सुपारी फुटणार होती. धाकटी जाऊ करुणा हिनं पहाटेच आंगण शेणानं सारवून काढलं होतं. दीर कुंदनभाऊ मिठाई आणि विड्याची पानं आणायला बाजारात गेले होते. आसगावच्या मारोतरावांनी फोनवर म्हटलं होतं की, आमच्या पोरीची होणारी सासू स्वतः मागावर बसते म्हणतात, तर तो माग एकडाव पाहायचा आहे. एवढं ऐकल्यावर बाई माग पुसल्याशिवाय कशा राहतील? पाहुण्यांच्या गडबडीत आठवडाभर धोटा हलला नव्हता. कोशाच्या रेशमाचं अर्धं लुगडं मागावर तसंच ताणलेलं होतं. पायानं दाबायच्या पावड्यांवरची धूळ झाडायला म्हणून बाई मागाखालच्या खड्ड्यात उतरल्या आणि डाव्या पायाला कशाचा तरी कोपरा लागला.

खड्ड्याचा तो डावा कोपरा त्यांच्या ओळखीचा होता. पावडीच्या मागं, मातीत कोरलेल्या त्या थंडगार कोनाड्यात भैयाजी आपली बाटली ठेवत असे. विणता विणता खाली वाकायचा. पाहणाऱ्याला वाटायचं, दोरी नीट करत आहे. ही जागा घरात फक्त बाईंनाच माहीत होती. दिराला नाही, जावेला नाही, अंकुशला तर नाहीच नाही.

आता तिथं चिकटपट्टी लावलेला थर्माकोलचा खोका होता. आत प्लॅस्टिकच्या डझनभर लहान बाटल्या, पाण्यासारखं नितळ काही भरलेल्या, तळाशी बोटभर गाळ. बाईंनी एकीचं झाकण फिरवलं आणि नाकाला भपकारा लागला. भैयाजीच्या शेवटच्या दिवसांत मोहाच्या दारूच्या तळाशी असाच गाळ असायचा. मग बाईंनी ना बाटलीवरचे आकडे पाहिले, ना आतल्या कागदाच्या चिटोऱ्या. मोरीत करुणाची भांडी पडली होती, म्हणून त्या खोका उचलून आंगणात आल्या आणि भिंतीच्या कडेला, ओल्या सारवणावर, एकामागून एक बाटली उलटी करत सुटल्या.

अंकुश नव्या शर्टाची बटणं लावत बाहेर आला. तुमसरच्या एका राईसमिलीत सुपरवायझर होता पोरगा. पगार आईच्या हातात देणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"खड्ड्यात हे कोणं ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"मीच ठेवलं. पण मायं, ते..."

पुढचं बाईंनी ऐकलंच नाही. वयात आल्यापासून ज्या पोरावर हात उचलला नव्हता, त्याच्या गालावर त्यांची पाचही बोटं उमटली. "बापाची जागाच सापडली तुले?" त्या म्हणाल्या, "आन् तेही आजच्या दिवशी?"

अंकुशनं गालावर हात ठेवला आणि आईकडं पाहत उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. बापाची कुठली जागा, हेच त्याला कळलं नव्हतं. पण बाईंना मात्र ती कबुली वाटली. भैयाजीसुद्धा पकडला गेला की असाच गप्प उभा राहायचा.

न्हाणीतून केसांना पंचा गुंडाळून कीर्ती आली ती या सगळ्याच्या मधोमध. कुंदनभाऊंची थोरली लेक, कोकणात मालवणच्या खाली समुद्राचा अभ्यास करायला गेलेली. काल दिवेलागणीला ती नागपूरच्या बसनं उतरली, तेव्हा विजयमालाबाई शेजारच्या देवकाबाईंकडं ताटवाट्या उसन्या मागायला गेल्या होत्या. तिनं रिकाम्या बाटल्या पाहिल्या, सारवणावरचा ओला डाग पाहिला आणि डागाजवळ खाली बसली. मग फार हळू विचारलं, "मोठी आई, सगळ्या ओतल्या का?"

"सगळ्या. काहून?"

"माझ्या होत्या त्या."

कधी कधी खरं कळायला फार बोलावं लागत नाही. वैशाखाच्या उन्हात तो खोका थंड जागी ठेवणं भाग होतं, फ्रिज मिठाईनं आणि दुधानं भरलेला, म्हणून कीर्तीनं अंकुशला विचारलं होतं की, घरात सगळ्यात गार जागा कोणती. कोष्ट्याच्या घरात जन्मलेलं कोणतंही पोरगं काय सांगेल? मागाचा खड्डा. त्यानंच खोका उचलून नेला, त्यानंच आत सरकवला. उद्या कीर्ती त्या बाटल्या नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासणीला देणार होती. आपण पोराला विचारलं असतं तर, एवढंच बाईंच्या मनात फिरत राहिलं.

"पण वास तर दारूचा होता ना," त्या म्हणाल्या. आपण अगदीच वेड्या नाही, हे कोणीतरी म्हणावं अशी त्यांची फार इच्छा होती.

"स्पिरिट आहे ते, मोठी आई. दारूचंच थोरलं भावंड. त्यात टाकलं की काही सडत नाही." कीर्ती वाकून डागाकडं पाहत होती. "त्यात माझा सालभराचा समुद्र होता."

मग तिनं सांगितलं आणि बाईंनी आयुष्यात प्रथम ते नीट ऐकलं. दिवाळीत, उन्हाळ्यात पोरगी घरी यायची, बोलायची, पण घरात सगळे हो हो म्हणून कामाला लागायचे. दर अमावस्येला उजाडायच्या आत ती होडीत बसून खाडीच्या तोंडाशी जात असे. होडीमागं बारीक जाळीची लांबोडकी पिशवी ओढायची. दिसायला पाणी नितळ, पण पिशवीत डोळ्यांना न दिसणारं गाव सापडतं. तरंगणारी झाडं, तरंगणारे जीव, आणि त्यांच्यातच माशांची अंडी आणि अजून मासा न झालेली पिल्लं. मोठे मासे याच बारीक जिवांवर वाढतात. हे गाव ज्या साली उजाड झालं, त्याच्या पुढच्या सालात कोळ्याचं जाळं रिकामं येतं. आता भांडण असं की, खाडीत जाळी टाकणं कोणत्या महिन्यात थांबवावं? एक म्हणतो आषाढात, दुसरा म्हणतो कार्तिकात. मासा तिथं अंडी कधी टाकतो, हे कळल्याशिवाय ते मिटायचं नाही. आणि अंडी तर सगळी सारखीच दिसतात, गोल, वाळूच्या कणाएवढी.

"आपल्याले पाहून नाही समजत," कीर्ती म्हणाली. "तपासणी केली तरच समजते, हे अंडं बांगड्याचं का तारलीचं का बोयचं. दर महिन्याच्या मालाचे मी दोन वाटे केले. एक वाटा दुसऱ्या औषधात तिकडंच आहे, त्यात मोजदाद होते. पण त्या औषधानं ही तपासणी होत नाही. हा वाटा नावासाठी होता."

"म्हंजे मी काय ओतलं?"

"नावं ओतली, मोठी आई."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते तर बाईंनी पदर डोळ्याला लावून ते झेललेही असते. कीर्तीनं तसलं काहीच केलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरातून चमचे, सुरी आणि स्टीलच्या ताटल्या घेऊन आली आणि गुडघे टेकून सारवणाचा वरचा पापुद्रा खरवडायला बसली.

बाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. त्यातून काही निघतं का, म्हणून विचारलं. कीर्ती म्हणाली, शेणाचं सारवण घट्ट असतं, पाणी आत गेलं तरी कण वरच राहिले असतील. ऊन चढायच्या आत आणि कोणाचा पाय पडायच्या आत जेवढं उचलता येईल तेवढं पुन्हा स्पिरिटात घालायचं. तिच्या बॅगेत एक भरलेली बाटली होती.

"कोणत्या कोणत्या माशाची अंडी होती, एवढं त्यातून निघालं तर निघालं. कोणत्या महिन्याची, ते मात्र आता नाही निघत. सारे महिने एकात एक झाले."

"मंग?"

"मंग काय? अजून एक साल."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की बाईंना तिची भीतीच वाटली. या पोरीला रडू कसं येत नाही? अंकुश नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून दुसऱ्या बाजूनं खरवडायला बसला होता. आईकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

कुंदनभाऊ पिशव्या घेऊन फाटकात शिरले आणि जागच्या जागीच थबकले. आंगणात दारूच्या दुकानासारखा वास, नवरदेव मातीत गुडघे टेकून, आणि पाहुण्यांनी भंडारा सोडल्याचा आत्ताच फोन आलेला. माणूस काही वाईट नव्हता. भाऊ गेल्यावर कापडाचं दुकान त्यानं एकट्यानं ओढलं, वहिनीला आणि पुतण्याला कधी परकं मानलं नाही. अंकुशची दोन स्थळं मोडली होती, दोन्ही बापाच्या दारूपायी. तेव्हापासून भाऊंनी ठरवून टाकलं होतं की, भैयाजी काविळीनं गेले. आसगावलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

झालेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. मग लागले हुकूम सोडायला. आंगण धुवा, सडा टाका, उदबत्त्या लावा, कीर्तीनं आत जावं, अंकुशनं शर्ट बदलावा.

"बाबा, थोडा वेळ द्या," कीर्ती म्हणाली. "पाणी टाकलं तर सगळंच जाईल."

"गेलंच आहे ते," भाऊ म्हणाले. "उगाच मातीत हात कायले घालून राहिली? तुझं माझं ठरलं होतं ना, हे शेवटचं साल म्हणून? हॉस्टेलही या महिन्यात सुटून राहिलं. देवाची मर्जीच दिसते. आता घरी ये." आणि बायकोकडं वळून म्हणाले, "करुणा, ओत ती बादली."

करुणा शेणपाण्याची बादली घेऊन उभीच होती. नवऱ्याचा शब्द तिनं आजवर खाली पडू दिला नव्हता. लेकीनं समुद्रावर जावं हे तिलाही कधी पटलं नव्हतं, दोन वर्षं ती त्यावरून कुरकुरत होती. तिनं बादली उचलली. खाली लेकीच्या बोटांकडं पाहिलं, नखांत शेण गेलेलं, आणि चमचा थांबायला तयार नाही. करुणानं बादली पुन्हा खाली ठेवली.

"माझ्यानं नाही होत," ती नवऱ्याला म्हणाली आणि पदर खोचून स्वतःच खरवडायला बसली.

भाऊंनी मग वहिनीकडं पाहिलं. या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे कधी कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

"आंगणात पाणी पडणार नाही, भाऊजी," विजयमालाबाई म्हणाल्या. "जे ओतलं ते माझ्या हातानं ओतलं. आता अजून एकडाव नाही ओतू देत."

"आन् पाहुणे?"

"येऊ द्या."

पाहुणे आले ते ऊन डोक्यावर यायच्या आत, आणि ताटल्या अजून आंगणातच होत्या. मारोतराव धोतर-सदऱ्यातले, अंगानं धिप्पाड, बोलायला मऊ. धानाची शेती आणि तांदळाचा व्यापार. त्यांच्या पत्नी रत्नाबाई बारीक अंगाच्या, पण डोळे चौफेर. दोघंच आली होती. गाडीभर माणसं साक्षगंधाला आणू, आज आपण आपलं घरचं बोलून घेऊ, असं मारोतराव म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचं नाक फुललं.

"काल रंगारी होते घरी," कुंदनभाऊ घाईघाईनं म्हणाले. "त्यायनंच बाटली फोडली जी. म्हणून हा वास."

मारोतरावांनी मान हलवली. रंगारी सगळीकडं तसेच असतात, असं काहीसं म्हणून ते बैठकीत गेले. रत्नाबाई मात्र आंगणातच थांबल्या. भिंतींना नवा रंग कुठं दिसत नव्हता. होणारा जावई, त्याची काकू आणि बहीण चमच्यानं आंगण खरवडत होती. त्यांनी विचारलं, हे काय चाललं आहे? भाऊ आतूनच म्हणाले की पोरीचं कॉलेजचं काही काम आहे, तुम्ही या, पंख्याखाली बसा.

पोहे झाले, सरबत झालं. मारोतरावांनी आपल्या खुशबूचं कौतुक सांगितलं, बी.एस्सी. झाली आहे, पवनीला शाळेत शिकवते. कुंदनभाऊंनी दुकानाचं सांगितलं. ताटात सुपारी आणि अडकित्ता मांडून ठेवला होता आणि भाऊंची नजर सारखी तिकडं जात होती. विजयमालाबाई दाराशी बसून होत्या. खिडकीतून त्यांना आंगणातली तिघंही दिसत होती. अंकुशच्या गालावरचा लाल वळ अजून उतरला नव्हता.

मग मारोतरावांना माग पाहायचा होता. सगळे मागाच्या खोलीत आले, अंकुशलाही भाऊंनी हाक मारून आत घेतलं. मारोतरावांनी ताणलेल्या कोशावरून बोट फिरवलं. "भैयाजी मोठे कारागीर होते म्हणतात," ते म्हणाले. "असा माणूस लवकर गेला. कावीळच ना?"

"हो जी, कावीळ," कुंदनभाऊ म्हणाले.

बाईंच्या पुढं दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या. गप्प बसलं की सुपारी फुटते. पोराचं घर मांडलं जातं, पंगतीत मान राहतो. आणि बोललं तर हे तिसरंही स्थळ गेलं. गप्प बसायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण आंगणातून चमच्याचा आवाज येत होता, खर्र खर्र, आणि पोरगा गालावर तो वळ घेऊन कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. एका खोट्यापायी त्याला आयुष्यभर या घरात असंच उभं राहावं लागेल, असं त्यांना वाटलं. आज रंगाऱ्यावर घातलं, उद्या आणखी कोणावर घालायचं?

"कावीळ झाली होती," बाई म्हणाल्या. "पण दारूनं झाली होती."

"वहिनी..." भाऊ म्हणाले.

"थांबा भाऊजी. तुम्ही आमच्या भल्यासाठी सांगतलं, मले मालूम आहे." त्या मारोतरावांकडं वळल्या. "या खड्ड्यात, त्या पावडीच्या मागं बाटली ठेवत होते हे. मी रोज काढून फेको, हे रोज नवी आणत. गेले तेव्हा पोरगा आठ वर्षाचा होता. तेव्हापासून मले बाटली दिसली का मी हुंगतो. आज सकाळी त्याच कोपऱ्यात मले बाटल्या सापडल्या. आमच्या कीर्तीच्या. तिकडं समुद्रावरून तिनं सालभर माशाची अंडी गोळा केली, ती स्पिरिटात ठेवली होती. मी समजलो, दारू आहे. नेऊन आंगणात ओतली. रंगारी गिंगारी कोणी आलं नाही आमच्या घरी."

मारोतरावांनी कोशावरचं बोट काढून घेतलं. रत्नाबाईंनी सरळ विचारलं, "पोरगा घेते का?"

"नाही."

"तुम्हाले कसं मालूम?"

"आज सकाळी मलेच मालूम नव्हतं, बाई," विजयमालाबाई म्हणाल्या आणि इतका वेळ धरलेला आवाज इथं फुटला. "मी त्याले इचारलंच नाही. बाटली पाह्यली आन् मारलं. असं सोन्यासारखं पोरगं, थेंब कधी तोंडाले लावला नाही, आन् माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, का हा बापावर गेला. हे पाहा गालावर. सख्ख्या मायनं ओळखलं नाही, तर तुम्ही कसे ओळखान?"

अंकुशनं मान वर केली. एवढ्या माणसांत आईला रडताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मारोतराव खाकरले, रुमालानं तोंड पुसलं आणि जरा गाडीपर्यंत जाऊन येतो म्हणून बाहेर पडले. त्याचा अर्थ सगळ्यांना समजला. अशा वेळी गाडीपर्यंत गेलेली माणसं तिथूनच निरोप घेतात.

कुंदनभाऊंचा धीर सुटला. पाहुणीसमोर बोलू नये हेही ते विसरले. "झालं तुमचं समाधान?" ते वहिनीला म्हणाले. "पोराचं स्थळ गेलं आन् पोरीचं सालही गेलं. माझं तर डोकंच चालत नाही. कीर्ती आता कुठं जाणार नाही, एवढं सांगून ठेवतो. हॉस्टेल नाही, एकटी पोरगी कोळ्यायच्या गावात भाड्याच्या खोलीत राहीन का?"

कीर्ती दारात आली होती. हातात ताटली, त्यात ओली माती. "राहीन बाबा," ती म्हणाली. "एकटी राहीन. मला हे करायचं आहे आणि मी करणार. तुमच्याशी भांडून जायची माझी इच्छा नाही, पण थांबणार नाही."

"एकटी नाही राहणार," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसून घेतलं. "मी जातो तिच्यासंग."

भाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्ही नागपूरच्या पलीकडं कधी गेल्या नाही."

"तर आता जाईन. तिचं साल मी ओतलं, ते मीच भरून देईन. ती समुद्रावर जाईन, मी रांधून ठेवीन. खोलीत मोठं माणूस आहे म्हटल्यावर तुमच्याही जिवाले घोर नाही."

"मोठी आई, तिकडं खोली एवढीशी मिळते," कीर्ती म्हणाली. आता पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. "घाम सुकत नाही. सगळीकडं मासळीचा वास."

"असू दे. आपल्या वैनगंगेची मासोळी का फुलं लावून येते? वासाची सवय होईन."

करुणा मागून म्हणाली की बाई, तुमचं लुगडं मागावर अर्धं आहे. बाई म्हणाल्या, ते पुरं करूनच निघू, पावसाला अजून अवकाश आहे. करुणानं नवऱ्याकडं पाहिलं, चांगलं रोखून. "आता नाही म्हणू नका," ती म्हणाली. "घरातलं थोरलं माणूस पोरीसंग जाऊन राहिलं. अजून काय पाहिजे तुम्हाले?" भाऊ खड्ड्याच्या काठावर बसले आणि कितीतरी वेळ पावडीकडं पाहत राहिले. सख्ख्या भावाची जागा त्यांना आज इतक्या वर्षांनी कळली होती.

या सगळ्यात रत्नाबाई तिथंच उभ्या होत्या, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मारोतराव दारात परत आले आणि बायकोला म्हणाले, "निघायचं का?"

"थांबा जरा," रत्नाबाई म्हणाल्या. त्या विजयमालाबाईंच्या जवळ गेल्या. "माझा भाऊ असाच गेला. मोहाच्या दारूनं. आमच्या घरी त्याले शुगर म्हणतात."

मारोतरावांनी मान खाली घातली. हे बाहेर कुठं बोलायचं नाही असं त्यांच्याकडंही ठरलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"पोरगी द्यायले माझी ना नाही," रत्नाबाई पुढं म्हणाल्या. "पण एक आहे. सासू समुद्रावर आन् नवी नवरी इथं एकटी, हे मले चालणार नाही. पहिल्या सालात सासू घरात पाहिजे. तुम्ही तुमचं साल भरून या, मंग लग्न करू. आज सुपारी फोडू, पण तारीख पुढच्या सालची."

कुंदनभाऊ गडबडीनं उठून उभे राहिले. मिळतंय ते हातचं जायला नको, म्हणून त्यांनी लगेच हो म्हणायला तोंड उघडलं. दिवाळीनंतरचा मुहूर्त ते मनात धरून होते, हॉलसुद्धा पाहून ठेवला होता. पण आता वर्ष तर वर्ष. मारोतरावही मान हलवायला लागले होते. थोरल्यांचं ठरत आलं होतं.

"थांबा भाऊजी," विजयमालाबाई म्हणाल्या.

त्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या अंकुशसमोर गेल्या. लग्न त्याचं होतं. वर्षभर थांबायचं त्यालाच होतं. आईच्या चुकीपायी आणि बहिणीच्या कामापायी त्याचा संसार लांबणार होता. खुशबूचे फोन येतात, पोरगं गच्चीवर जाऊन बोलतं, हे का त्यांना माहीत नव्हतं?

"बाबू," त्या म्हणाल्या, "तू सांग. थांबशीन का एक साल? नाही म्हटलं तरी चालते. मी दुसरी काही सोय पाहीन."

सकाळपासून त्याच्या मनातलं कोणी काही विचारलं होतं ते हे पहिलंच. अंकुशनं खिडकीतून आंगणातल्या ताटल्यांकडं पाहिलं, मग कीर्तीकडं, मग आईकडं. वळ उठलेला गाल त्यानं शर्टाच्या बाहीला पुसला. बाहीवर शेण लागलं होतं, ते गालावर आलं.

"थांबतो, मायं," तो म्हणाला.

बाईंनी पदराच्या टोकानं त्याचा गाल पुसून दिला आणि कुंदनभाऊंनी सुपारीचं ताट मागाच्या खोलीतच मागवलं.